वाचनालयाची दाखल रजिस्टरं: पीडीएफच्या डिफॉल्ट सेटिंगच्या नोंदी

९ मे

वाचनालयाचं काम आजपासून अंगावर घेतलं. सात वाजता डीटीपीचं दुकान बंद केलं की रोज दीड-दोन तास आणि रविवारी दिवसभर. पाऊस लागायच्या आत तीन ते पाच नंबरची दाखल रजिस्टरं (आलेल्या प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक, नाव, किंमत लिहायची) स्कॅन होऊन त्यांच्या पीडीएफ तयार व्हायला हव्यात. मोजून ६१२ पानं. शिवाय एक टंकलिखित ग्रंथयादी, दोन जुन्या स्मरणिका आणि कुस्ती मैदानांच्या हस्तपत्रकांचा एक गठ्ठा.

एक आणि दोन नंबरची रजिस्टरं आता नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये इथं कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. शाहूपुरीत पाणी शिरलं आणि वाचनालयाचं खालचं कपाट बुडालं. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तेव्हा आत नुसता लगदा होता, शाई पाठीमागच्या लाकडावर उतरली होती. तेव्हा सगळ्यांनी एकाच गोष्टीवर समाधान मानलं, की ती दोन रजिस्टरं २०१६ साली बाहेरच्या एका एजन्सीकडून स्कॅन करून घेतलेली आहेत, सीडी वरच्या मजल्यावर आहे.

ती सीडी आज ग्रंथपाल बाईंनी माझ्याकडे दिली. उद्या बघतो.

१० मे

बघितली. रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

फाईल उघडली की पान नीट दिसतं. ओळी सरळ, शिक्का ओळखू येतो. पण वाचायला म्हणून मोठं केलं की अक्षरं विरघळतात. पीडीएफमधल्या चित्रांची यादी देणारी ‘पीडीएफइमेजेस’ नावाची एक छोटी मोफत आज्ञा आहे, ती चालवली. प्रत्येक पानापुढं एकच उत्तर: जेपेग (चित्र दाबून, म्हणजे तपशील कमी करून, फाईल लहान करायचा प्रकार), १०० पीपीआय. म्हणजे एका इंचात फक्त १०० ठिपके. इंटरनेटवर टाकायच्या लहान फायलींसाठी असते तशी सेटिंग कुणीतरी जशीच्या तशी ठेवून सगळी पानं त्यातून काढली.

याचा अर्थ काय होतो ते तीन नंबरचं रजिस्टर समोर घेऊन, भिंग आणि फूटपट्टीनं मोजलं. हाताक्षर साधारण २ मिलिमीटर उंचीचं. १०० ठिपक्यांच्या हिशेबानं अख्ख्या अक्षराच्या उंचीला ८ ठिपके मिळतात. अनुस्वार निबेच्या टोकाएवढा, ०.४ मिलिमीटर. त्याच्या वाट्याला दीड ठिपका. आणि जेपेग चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील कमी करत जातं. म्हणजे पूर्ण अक्षर एका चौकोनात बसलं आणि त्याच्या डोक्यावरचा अनुस्वार, वेलांटीचं टोक, रफार हेच ‘बारीक तपशील’ ठरून गेले. ‘वंदन’ आहे की ‘वदन’, सांगता येत नाही. दोन्ही शब्द खरे, दोन्ही पुस्तकाच्या नावात येऊ शकतात.

किमतीच्या रकान्याचं त्याहून वाईट. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्याआधीच्या नोंदी रुपये-आणे-पै अशा तीन आकड्यांत आहेत. तिथं १ आणि ९ यांच्यात फरक फक्त गाठीचा. एका नोंदीत ‘१-९-०’ आहे की ‘९-१-०’, हे मी पाऊण तास बघत बसलो होतो.

३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, तोच अनुस्वार जवळपास ५ ठिपक्यांचा होतो आणि ६०० ला ९ च्या वर. तेव्हा स्कॅनर होता, रजिस्टर होतं, पैसेही दिले होते. एक आकडा बदलायचा राहिला. मूळ कागद हातात असताना ते कुणी मोठं करून बघितलं असतं तर दुसऱ्या दिवशी परत स्कॅन झालं असतं.

१२ मे

दुकानातला ए३ फ्लॅटबेड स्कॅनर रिक्षानं वाचनालयात आणला. रजिस्टरचं पान साडेआठ बाय साडेतेरा इंचांचं, ए४ च्या काचेवर मावत नाही. शिवणीकडची बाजू दाबावी लागते, तेव्हा झाकण न मिटता वर काळं कापड टाकायचं ठरलं.

तीन नंबरमधलं पान ४१ तीन प्रकारांनी काढलं. हे पान मुद्दाम निवडलं. त्यात निळ्या-काळ्या शाईच्या नोंदी आहेत, दोन नोंदींवर लाल शाईची आडवी रेघ आणि बाजूला ‘रद्द’, आणि समासात कुणा जुन्या ग्रंथपालांनी पेन्सिलनं लिहिलेलं ‘परत आले’.

काळं-पांढरं: अक्षरं ठसठशीत, पण पेन्सिल साफ गेली. म्हणजे जे पुस्तक परत आलं ते कागदोपत्री हरवलेलंच राहणार. ग्रेस्केल: पेन्सिल दिसते, पण लाल रेघ आणि निळी रेघ सारख्याच करड्या. शीर्षकाखाली ओढलेली रेघ कुठली आणि रद्द केल्याची कुठली, ते कळत नाही. रंगीत, ३०० डीपीआय: सगळं जागेवर.

मग रंगीतच ठेवून फक्त जेपेगची क्वालिटी खाली आणली. लाल रेघेच्या कडेला गुलाबी धूर पसरला. जेपेगमध्ये उजेड-अंधार प्रत्येक ठिपक्याचा वेगळा राहतो, पण दाब वाढवला की रंग बहुतेक वेळा २ बाय २ ठिपक्यांना मिळून एकच ठेवला जातो. फोटोत ते डोळ्याला कळत नाही. पिवळट कागदावरच्या बारीक लाल रेघेत लगेच कळतं.

ठरलं: रजिस्टरं रंगीत, ३०० डीपीआय, मूळ प्रत न दाबलेली. बारीक छपाईची हस्तपत्रकं ६०० ला.

१३ मे

अध्यक्ष आले होते. त्यांना सगळे आण्णाच म्हणतात. फाईल बघून म्हणाले, “एवढी मोठी? व्हॉट्सॲपवर कशी जायची ही?”

त्यांच्यासमोर कागदावर हिशेब केला. ३०० डीपीआयला एक पान म्हणजे २५५० गुणिले ४०५० ठिपके, प्रत्येकाला लाल-हिरवा-निळा असे तीन बाइट. साधारण ३१ एमबी. ६१२ पानांचे १९ जीबी. ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मावतं. मोठ्या फाईलमधून लहान फाईल कधीही काढता येते, आज, उद्या, दहा वर्षांनी. लहानमधून मोठी निघत नाही. सीडीवरची दोन रजिस्टरं त्याला साक्षीदार आहेत.

आण्णा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “दोन ड्राइव्ह घे. एक माझ्या घरी ठीवतो, वरच्या मजल्यावर.”

१६ मे

आजपासून कॉलेजची दोन मुलं मदतीला. म्हणजे सेटिंग आता माझ्या लक्षात असून भागत नाही, ती यंत्रातच बसलेली हवी. स्कॅनिंगसाठी नॅप्सटू घेतलंय. मोफत आहे आणि त्यात प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचे तयार संच, करून ठेवता येतात.

दोन प्रोफाइल केली, नावं मराठीत: ‘रजिस्टर’ आणि ‘हस्तपत्रक’. प्रत्येकात डीपीआय, रंग आणि कागदाचं माप बसवून टाकलं. साडेआठ बाय साडेतेरा हे माप यादीत नसतं, कस्टममध्ये हातानं भरावं लागतं. सगळ्यात महत्त्वाची खूण प्रोफाइलच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये आहे: ‘मॅक्सिमम क्वालिटी’. एरवी तिथं जेपेगचा काटा ७५ वर असतो. ती खूण न करता पुढं टिफ (चित्र काही न गमावता ठेवता येतं तो फाईलचा प्रकार) म्हणून सेव्ह केलं तर फाईल मोठी होते पण पान तेच राहतं, कारण स्कॅन आत येतानाच दाबला गेलेला असतो. टिफला एलझेडडब्ल्यू लावलं. त्यात जागा थोडी वाचते आणि एकही ठिपका बदलत नाही.

पीडीएफ सेटिंगमध्ये सेव्हची जागा कायमची लिहून टाकली: डी ड्राइव्ह, ‘मूळ’ नावाचा फोल्डर, त्यात त्या दिवसाची तारीख आणि पुढं तीन आकडी क्रमांक. तारीख आणि क्रमांक प्रोग्रॅम स्वतः भरतो. खाली ‘रिमेंबर दीज सेटिंग्ज’वर खूण केल्याशिवाय हे टिकत नाही, पहिल्यांदा ती राहिली आणि पुढच्या वेळी सगळं कोरं. इमेजच्या सेटिंगमध्येही हाच पत्ता वेगळा भरावा लागतो, पीडीएफमध्ये भरला म्हणून तो टिफला लागू होत नाही.

१७ मे

वीज गेली, साडेतीन तास. काम नाही. पानांवरची धूळ मऊ ब्रशनं झाडून घेतली, ५० पानं.

१८ मे

परवा संध्याकाळची बारा पानं सापडेनात. पोरगी रडवेली झाली होती. “दादा, मी सेव्ह केलो की! माझ्या डोळ्यांनी बघितलो.”

खरंच केलं होतं. पण नाव टाकायची खिडकी आल्यावर तिनं हातानं ‘रजिस्टर ३’ एवढंच टाकलं होतं. नंतर बसलेल्या मुलानंही तेच टाकलं. आधीची फाईल बदलायची का, असं प्रोग्रॅमनं विचारलं आणि त्यानं सवयीनं ‘हो’ दाबलं. यात पोरांची चूक नाही. नाव हातानं टाकायची सोय मी उघडी ठेवली, ही माझी चूक. ‘स्किप सेव्ह प्रॉम्प्ट’ला खूण केली. आता खिडकीच येत नाही, फाईल ठरलेल्या जागी ठरलेल्या क्रमांकानं जाते. नावं नंतर एकाच माणसानं बदलायची.

बारा पानं परत काढली. रजिस्टर समोर होतं म्हणून काढता आली.

२१ मे

स्मरणिका. यात तालमीतल्या पैलवानांचे फोटो आहेत, जस्ताच्या ब्लॉकवरून छापलेले. भिंगातून बघितलं की फोटो नसतोच, लहान-मोठ्या काळ्या टिंबांची जाळी असते. त्या काळच्या छापखान्यातल्या माणसानं चेहऱ्यावरची सावली नुसत्या टिंबांच्या जाडीवर उभी केली आहे. एका फोटोत पैलवानाच्या कानाचा चुरगळलेला आकारसुद्धा त्या टिंबांतून कळतो. मी वीस वर्षं छपाईच्या धंद्यात आहे, तरी आज अर्धा तास तेच बघत होतो.

३०० ला स्कॅन करून वाचायच्या प्रतीसाठी १५० वर उतरवलं तर छातीवर पट्टे आले, साडीच्या पदरासारखे लहरते. छपाईची जाळी आणि ठिपक्यांची जाळी एकमेकींवर बसली की असे पट्टे उठतात. वेगवेगळे उपाय करून बघितले. स्कॅनरच्या प्रोग्रॅममधलं ‘डीस्क्रीन’ लावलं तर पट्टे गेले पण मिशाही पुसट झाल्या. शेवटी ६०० ला ग्रेस्केल स्कॅन, डीस्क्रीन बंद, मूळ प्रत तशीच ठेवली. वाचायच्या प्रतीसाठी तिच्यातून वेगळी फाईल घेऊन अगदी हलका ब्लर दिला, मग ‘बायक्युबिक’नं १५० वर आणलं.

उतरवायची पद्धत कुठली निवडली आहे, हे ॲक्रोबॅट डिस्टिलर या पीडीएफ तयार करायच्या प्रोग्रॅममध्ये बघून घ्यावं लागतं. ‘सबसॅम्पलिंग’ असेल तर प्रत्येक तुकड्यातला मधला एक ठिपका उचलला जातो आणि बाकीचे टाकून दिले जातात. पटकन होतं, पण जाळी असलेल्या फोटोत आणि शिरोरेषेत तुटका परिणाम दिसतो. ‘ॲव्हरेज’ सगळ्यांची सरासरी काढतं. ‘बायक्युबिक’ला वेळ लागतो, पण आपल्या लिपीला तेच चालतं.

२५ मे

हस्तपत्रकांची सूची वर्डमध्ये करतोय, प्रत्येक नोंदीपुढं पत्रकाचं लहान चित्र. खासबाग मैदानातल्या कुस्त्यांची पत्रकं आहेत, गुलाबी आणि पिवळ्या पातळ कागदावर. एकावर मल्लांच्या जोड्या इतक्या बारीक टायपात आहेत की चित्र जरा दबलं की नावं गेली.

पहिल्या आठ नोंदी केल्यावर लक्षात आलं की चित्रं धूसर होताहेत. वर्ड सेव्ह करताना चित्रं ठरलेल्या रिझोल्यूशनवर आणतं. ‘फाईल – ऑप्शन्स – ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘इमेज साइज अँड क्वालिटी’ आहे, तिथं आकडा होता २२०. ‘डू नॉट कॉम्प्रेस’ला खूण केली. दोन गोष्टी यात फसवतात. एक, वर नाव असतं फक्त उघड्या फाईलचं. तिथं ‘ऑल न्यू डॉक्युमेंट्स’ निवडलं तरच पुढच्या सगळ्या फायलींना लागू होतं. दोन, आधीच दबलेली चित्रं खूण केल्यावर परत येत नाहीत. ती आठही काढून मूळ टिफमधून नव्यानं टाकली.

पीडीएफ करताना वर्डच्या खिडकीत ‘स्टँडर्ड’ आणि ‘मिनिमम साइज’ असे दोन पर्याय दिसतात. दुसऱ्याला हात लावायचा नाही, हे टेबलावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं.

२८ मे

दोन दिवस गोंधळ होता. मी केलेली सूचीची पीडीएफ स्वच्छ, पोरांनी त्याच संगणकावर केलेली धूसर. फाईल तीच, प्रिंटरही तोच, ‘ॲडोबी पीडीएफ’ (कागदाऐवजी पीडीएफ काढणारा नावापुरता प्रिंटर).

कारण साधं निघालं. संगणकावर दोन लॉगिन आहेत, बाईंचं आणि विद्यार्थ्यांचं. मी बाईंच्या लॉगिनमधून ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ उघडून ‘स्टँडर्ड’च्या जागी ‘हाय क्वालिटी प्रिंट’ केलं होतं. ते त्या लॉगिनपुरतंच राहतं. सगळ्यांसाठी बदलायचं असेल तर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’ नावाचं वेगळं बटण आहे, तिथून. आतली खिडकी हुबेहूब सारखी दिसते, म्हणूनच चकायला होतं. तिथून केलं, मग विद्यार्थ्यांच्या लॉगिनमध्ये जाऊन डोळ्यांनी खात्री केली.

याच खिडकीत ‘आउटपुट फोल्डर’ आहे. तो डॉक्युमेंट्सवर होता, त्यामुळं प्रत्येकाची पीडीएफ आपापल्या लॉगिनच्या डॉक्युमेंट्समध्ये जाऊन बसत होती. डी ड्राइव्हवरच्या ‘वाचन’ फोल्डरवर आणला. ‘आस्क टू रिप्लेस’ चालू ठेवलं. ‘रिलाय ऑन सिस्टिम फॉन्ट्स ओन्ली’ची खूण काढली, ती असली की फाईलमधला फॉन्ट न जाता दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरं फुटायची भीती.

‘हाय क्वालिटी प्रिंट’बद्दल एक गोष्ट धंद्यातल्या लोकांनाही नीट माहीत नसते, म्हणून लिहितो. त्यात ३०० लिहिलेलं असतं, पण पुढं ‘४५० च्या वरच्या चित्रांसाठी’ असंही असतं. म्हणजे ४०० चं चित्र टाकलं तर ते ४०० च राहतं. ६०० चं टाकलं तर ३०० होतं. आमची पत्रकं ६०० ची आहेत. म्हणून ही सेटिंग एडिट करून, दोन्ही आकडे वाढवून, ‘वाचनालय’ नावानं वेगळी सेव्ह केली आणि तीच डिफॉल्ट केली.

२ जून

टंकलिखित ग्रंथयादी, ४८ पानं. यात रंग नाही, पेन्सिल नाही, म्हणून काळं-पांढरं ६०० ला. इथं दाबायला हरकत नाही, फक्त प्रकार बघून: ‘सीसीआयटीटी ग्रुप ४’ निवडला. फॅक्सच्या जमान्यातला आहे, फाईल खूपच लहान होते आणि एकही ठिपका बदलत नाही.

पोरानं विचारलं, ‘जेबिग२’ने त्याहून लहान होते, ते का नको? त्यात दोन जाती आहेत. ‘लॉसलेस’, म्हणजे काहीच न गमावणारी, चालेल. ‘लॉसी’ जात मात्र पानावरची सारखी दिसणारी अक्षरं एकाच साच्यातून परत ठेवते, आणि ‘सारखी’ ठरवण्यात ती चुकू शकते. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संशोधकानं दाखवून दिलं की एका प्रकारची स्कॅन करणारी यंत्रं कागदावरचा ६ आकडा चक्क ८ करत होती, आणि पान इतकं स्वच्छ दिसायचं की शंकाच येऊ नये. धूसर असेल तर माणूस थांबतो, विचारतो. स्वच्छ चुकीच्या आकड्यावर कोण थांबणार? दाखल क्रमांकांच्या यादीत ते मला नको.

७ जून

मूळ प्रती पूर्ण: ६१२ अधिक ४८, स्मरणिका आणि पत्रकं वेगळी. वाचायच्या प्रती घोस्टस्क्रिप्ट नावाच्या प्रोग्रॅमनं एकदम काढल्या. त्याच्या ‘ईबुक’ सेटिंगमध्ये १५० डीपीआय असतं. ते करून पान ४१ उघडलं. वाचता येत होतं, पण अनुस्वारांवर डोळा अडखळत होता. २०० वर नेलं. एक रजिस्टर व्हॉट्सॲपवर सहज जाईल एवढं झालं. आण्णांना पाठवलं. त्यांनी लगेच फोन करून आपल्या वडिलांच्या सहीचं पान सांगितलं.

तपासणीचा नियम केला: प्रत्येक दहाव्या पानावर ४०० टक्के मोठं करून एक अनुस्वार, एक रफार आणि किमतीचा एक आकडा बघायचा, तोही कागद शेजारी उघडा ठेवून. पाच नंबरमध्ये तीन पानं शिवणीकडं काळी निघाली, परत केली.

११ जून

पाऊस धरलाय. रजिस्टरं वरच्या मजल्यावर नेली, ड्राइव्ह आण्णांकडं पोचला.

आता एक आणि दोन नंबर. सीडीवरची पानं मोठी करून, वाचता येईल तेवढं सूचीत उतरवतोय. लहानपणापासून इथं येणारे एक वयस्कर सभासद रोज संध्याकाळी येऊन माझ्या शेजारी बसतात. पडद्यावर अर्धवट अक्षरं दिसतात, मी ती वाचतो, आणि ते डोळे मिटून आठवतात. “वंदनच ते. हिरव्या कापडी बांधणीचं होतं. वरच्या फळीवर, खिडकीकडं.” आज अकरा नोंदी अशा लागल्या. ज्या लागत नाहीत तिथं सूचीत प्रश्नचिन्ह ठेवतोय, अंदाजानं काही भरत नाही. ‘१-९-०’ची नोंद त्यांनाही आठवली नाही.

एक नंबरचं पान ८८ पर्यंत झालं. उद्या ८९ पासून.